किल्ली व्झोसेकबाईंकडे

गेन्या,

फोनवर तू जे फणकारलीस ते मी मुकाट ऐकून घेतलं. श्चेचिनला लेकीच्या घरी पाचव्या मजल्यावर बसून तू मला सांगतेस की मी पाहुण्यांना सगळं चुकीचं सांगते. तुला हे कोणी कळवलं तेही मला ठाऊक आहे. वालेंती आजोबांना तोंड आवरत नाही आणि आता नातवाने त्यांना मोबाइलही घेऊन दिलाय. तेव्हा लिहूनच काढते, म्हणजे भांडायचं तर कागदाशी भांड.

चर्चच्या फाटकावरच्या पाटीवर अजून तुझंच नाव आहे: 'किल्ली व्झोसेकबाईंकडे, घर नंबर नऊ.' लोक नऊ नंबरची घंटा वाजवतात, कोणी उघडत नाही, मग मी माझ्या खिडकीतून ओरडते, "अहो, इकडे या, अकराला!" आणि किल्ली माझ्या हातात बघून प्रत्येक जण आधी हेच विचारतो, की मग या व्झोसेकबाई कोण?

एक अट. लिहिताना मी तुला 'तू' म्हणणार नाही. 'तू' म्हटलं की तू मध्ये बोलणार, कागदावरसुद्धा. म्हणून तू गेनोव्हेफा. आणि मीही 'मी' नाही. नुसती इर्मिना, शेजारीण, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. तुझ्या चुका सांगीन तशा तिच्याही सांगीन. आता गप्प बस आणि ऐक.

*

गेनोव्हेफा मूळची लिपोवेत्सची नव्हे, आणि लिपोवेत्सच्या लोकांनी ही गोष्ट तिला पन्नास वर्षं विसरू दिली नाही. ती विस्वा नदीच्या पलीकडची. नदी म्हणजे किती, नावेतून दहा मिनिटं. पण वीटभट्टीतला बोलेक व्झोसेक अडुसष्ट साली लग्न करून तिला घेऊन आला तेव्हा गल्लीतल्या बायका असं बघत होत्या की जणू त्याने बायको चीनमधून आणली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. सासूचं नाव मार्त्स्यान्ना. बाई उंच, हाडकुळी आणि कमी बोलणारी. तिने सुनेला घर दाखवलं ते असं: "ही चूल. ही कोंबड्यांची खोली. आणि ही किल्ली. पहिल्या दोन्हींत चूक केलीस तर मी सांभाळून घेईन."

किल्ली वीतभर लांब, लोखंडी, कडीला चामड्याचा तुकडा बांधलेला. टेकडीवरच्या संत मार्गारेटच्या लाकडी चर्चची. त्या चर्चमध्ये प्रार्थना वर्षातून एकदाच होते, जुलैत. बाकी सगळं चौकातल्या विटांच्या मोठ्या चर्चमध्ये. पण लाकडी चर्चच्या आत छतापासून जमिनीपर्यंत चित्रं आहेत, आणि ती बघायला माणसं लांबून लांबून येतात. ही किल्ली व्झोसेकांच्या घरी कधीपासून आहे हे कोणालाच सांगता येत नाही. इर्मिनाने एका उन्हाळ्यात जुने कागद चाळून पाहिले. मार्त्स्यान्नाच्या आजेसासूपर्यंत माग लागला, पुढे उंदरांनी खाल्लेलं होतं.

गेनोव्हेफा तीस वर्षं फळांच्या कारखान्यात बरण्यांच्या पट्ट्यावर उभी राहिली. सासू गेली, नवरा गेला, लेक डानुता लग्न करून श्चेचिनला गेली. किल्ली मात्र ओसरीतल्या खिळ्यावर तिथल्या तिथे राहिली आणि दारात माणसं येत राहिली. सायकलवाले यायचे, शाळांच्या सहली यायच्या, एकदा नऊ नन एकाच गाडीतून आल्या. एकदा तर, देशात लष्करी अंमल होता त्या हिवाळ्यात, दोन शिपाई दारात आले आणि चर्च तपासायचंय म्हणाले. गेनोव्हेफाने त्यांच्या बुटांकडे बघितलं आणि पायपुसणं पुढे सरकवलं. "तपासा की. आधी पाय पुसा." त्यांनी पुसले.

तिचे नियम तीन. एक, किल्ली कोणाच्या हातात द्यायची नाही. आपण बरोबर जायचं, आपण उघडायचं, आपण लावायचं. दोन, पाय पुसल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि तिसरा नियम नव्हता, तिचं व्यसन होतं. चर्चकडे चढताना ती प्रत्येकाला विचारायची, "तुमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय काय रांधतात?"

त्या संध्याकाळी बारा पदार्थ असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते बारा कोणते, हे घरोघरी वेगळं असतं आणि सहसा कोणी बदलत नाही. माणसं घर बदलतात, आडनाव बदलतात, युद्धानंतर तर देशाच्या सीमाच उचलून इकडच्या तिकडे ठेवल्या आणि लाखो माणसं त्यांच्यामागे फरफटत गेली. पण त्या संध्याकाळचं जेवण आजी करायची तसंच होतं. गेनोव्हेफाला हे कोणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून तिला ते आपोआप कळायला लागलं.

एकदा व्रोत्स्वाफचा एक तरुण इंजिनियर आला. म्हणाला, "आमच्याकडे गहू शिजवून त्यात मध आणि खसखस घालतात."

"म्हणजे तुमची आजी पूर्वेकडची. ल्वूफच्या बाजूची."

तो थबकला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खसखशीने."

त्याने तिथेच उभं राहून आईला फोन लावला. आई म्हणाली, हो, पण तुला कसं कळलं, आम्ही कधी बोललो नाही. इर्मिना त्या दिवशी बरोबर होती. पस्तीस वर्षं तिने मुलांना युद्धानंतरची स्थलांतरं शिकवली, नकाशे काढले, सनावळ्या घोकून घेतल्या. आणि एकालाही असा रस्त्यात फोन लावावासा वाटला नव्हता. तिला थोडा रागच आला. थोडा नव्हे, बराच.

*

सहा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली गोष्ट. बुधवार होता. त्या आठवड्यात पोद्गूर्ना गल्लीत कोणाला काही विचारायची सोय नसते, कारण घरोघरी परसात तांब्याची पातेली चढलेली असतात आणि त्यांत आलुबुखारं आटत असतात. साखरेचा दाणा न घालता, तीन दिवस. यालाच पोविद्वा म्हणतात. लाकडी पळ्याने सारखं हलवावं लागतं. चार मिनिटं हात थांबला की तळाला लागतं, आणि एकदा लागलं की तीन दिवसांची मेहनत डुकरांना. तीस वर्षं कारखान्याचा जॅम बरण्यांत भरलेली गेनोव्हेफा त्या जॅमला 'रंगीत खळ' म्हणायची आणि घरी एक चमचासुद्धा येऊ द्यायची नाही.

दुपारी इर्मिना पुढच्या दाराने आली, ती एका माणसाला बरोबर घेऊन.

"गेन्या, हे फाटकापाशी उभे होते. चर्च बघायचंय म्हणतात."

माणूस सत्तरीच्या घरातला. स्वच्छ बूट, राखी कोट, जाड भिंगांचा चष्मा. त्याने गेनोव्हेफाला मान लववून नमस्कार केला आणि पातेल्यात डोकावला.

"खाली अक्रोड टाकलेत ना? हिरवे?"

"टाकलेत, टाकलेत," गेनोव्हेफा घाम पुसत म्हणाली. "पण मला आत्ता येता येणार नाही हो. उद्या या."

"उद्या मी नसेन. चारची बस आहे."

गेनोव्हेफाने इर्मिनाकडे बघितलं. "तू हलवशील का अर्धा तास?"

"मी? माझा खांदा बघ. आणि मला जमत नाही ते, मागच्या वर्षी लागलं म्हणून तू वर्षभर बोलून दाखवलंस." मग इर्मिना जे म्हणाली ते तिनेच कबूल केलेलं आहे, म्हणून लिहिते. "दे की किल्ली त्यांना. भला माणूस दिसतोय. इथून चर्च दोनशे पावलांवर, पळून कुठे जाणार?"

पन्नास वर्षांत गेनोव्हेफाने पहिल्यांदा किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. तिचा तो प्रश्नही विचारायचा राहून गेला. माणसाने स्वतःहूनच चष्मा काढला, घडी घातली आणि बाकावर ठेवला. "हा तारण म्हणून राहू दे."

तो गेला. इर्मिनाने जाऊन पुढचं दार आतून लावून घेतलं, खिडक्या लावल्या, कारण आलुबुखारांच्या वासाने गांधीलमाश्या घरात शिरत होत्या. मग परसात येऊन तिने रेडिओ मोठा केला आणि दोघी फादरांच्या नव्या बेताबद्दल तावातावाने बोलत बसल्या. बेत असा होता की लाकडी चर्चला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवायचं आणि आकडे चौकातल्या पर्यटन केंद्रातल्या मुलींकडे ठेवायचे.

साडेचार वाजले. पाच वाजले. माणूस आला नाही.

गेनोव्हेफाने पळा इर्मिनाच्या हातात कोंबला आणि चर्चकडे धावली. दार व्यवस्थित लावलेलं. किल्ली नाही. माणूस नाही. बस तर कधीच गेलेली.

*

सोमवारी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी वारसाकचेरीतल्या बाई छत तपासायला येणार होत्या. किल्ली एकच. कधी कोणाला दुसरीची गरज पडली नव्हती.

"जा आणि फादरांना सांग," इर्मिना म्हणाली. "आज सांगितलंस तर चूक म्हणतील. सोमवारी कळलं तर लपवलं म्हणतील."

"आणि मग?"

"मग काय, कुलूप फोडतील, नवं बसवतील."

"आकड्यांचं."

"असेल आकड्यांचं. तुझं वय सत्तर, गेन्या. टेकडी चढायची कटकट गेली असं समज."

गेनोव्हेफाने पळा पातेल्याच्या काठावर आपटला. ती पळा आपटते तेव्हा सांभाळून राहायचं असतं. "किल्ली गेली तर माझ्या दारात कोण येणार? तू? तू तर मीठ मागायला येतेस. डानुता वर्षातून दोनदा येते आणि फ्रीज साफ करून जाते. मला रोज कोणीतरी नवं माणूस लागतं, इर्मिना. कुठून आलं, काय खातं, कोणाचं कोण, हे नाही कळलं तर मी संध्याकाळी विचार कशाचा करू?"

 

गुरुवारी तीन सायकलवाले आले. गेनोव्हेफा दारातच म्हणाली, "आज बंद आहे. आत लाकूडकिड्याचं औषध मारलंय. श्वास घेतलात तर दोन दिवस डोकं धरून बसाल."

त्यांतली एक बाई नेमकी रसायनशास्त्रातली निघाली. "हो का? कुठलं औषध?"

"सरकारी," गेनोव्हेफा म्हणाली आणि दार लावलं.

खोटं बोलल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण ते तिघं काय जेवतात हे न विचारता परत गेले, याची चुटपुट संध्याकाळपर्यंत गेली नाही.

चष्मा स्वयंपाकघराच्या टेबलावर होता. दोघी समोरासमोर बसून त्याच्याकडे बघत होत्या. इर्मिनाने तो डोळ्यांना लावून पाहिला आणि लगेच काढला. "बाप रे. हा लांबचा चष्मा आहे, आणि नंबर केवढा. हा काढल्यावर त्या माणसाला समोरचं घरसुद्धा धड दिसत नसणार."

"तेच तर," गेनोव्हेफा पुढे झुकली. "चोर असता तर एवढा महागाचा चष्मा कशाला ठेवला असता? आणि चित्रं बघायला आला असता तर बघायचा चष्माच कशाला ठेवला असता? टोपी ठेवायची. घड्याळ ठेवायचं."

"वेंधळा असेल."

"वेंधळ्याचे बूट इतके स्वच्छ नसतात."

भीती तर तिला होतीच; दोन रात्री धड झोप नव्हती. पण इर्मिनाच्या लक्षात आलं की गेन्याच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली आहे. एखाद्याने खमंग काहीतरी झाकून समोर ठेवावं आणि झाकण काढू देऊ नये, तसं तिचं झालं होतं. किल्ली कुठे गेली हे तिला हवं होतंच, पण त्या माणसाने असं का केलं, हे तिला त्याहून जास्त हवं होतं.

त्यांनी चर्चभोवतीचं गवत पालथं घातलं. बसच्या थांब्यावर विचारलं. नऊ नंबरच्या दाराखाली, कुंड्यांखाली, पायपुसण्याखाली शोधलं. शुक्रवार असाच गेला.

*

शनिवारी सकाळी पोविद्वा तयार झालं. काळंभोर, इतकं घट्ट की पळा उभा राहावा. बरण्या भरण्याआधी तळातले अक्रोड काढायचे असतात. आख्खे हिरवे अक्रोड, आठ-दहा, तळाशी घातले की हलवताना तेही घरंगळत राहतात आणि तळ खरवडतात. लागत नाही, आणि रंगही गडद येतो. गेनोव्हेफा झाऱ्याने एकेक उपसत होती. चौथ्या अक्रोडाला तिचा हात थांबला.

"इर्मिना. त्याने विचारलं होतं."

"काय?"

"खाली अक्रोड टाकलेत ना, म्हणाला. 'टाकता का' असं नाही विचारलं. 'टाकलेत ना' म्हणाला. मी पलीकडची. आमच्याकडे नाही टाकत. मला हे सासूने शिकवलं. चौकातल्या बायकांनाही माहीत नाही, कारखान्यात मी सांगितलं तर हसल्या मला."

"मग टाकतं कोण?"

"पोद्गूर्ना गल्ली. बस. एवढीच दहाबारा घरं." झारा खाली ठेवून तिने हात एप्रनला पुसले. "तो आपल्या गल्लीतला आहे. इथे वाढलाय. चला."

"कुठे?"

"आजोबांकडे."

वालेंती आजोबा दोन नंबरच्या घरासमोर बाकावर बसलेले होते. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी. त्यांचा जन्म याच बाकावर झाला असावा अशी इर्मिनाला शंका आहे. गेनोव्हेफाने त्यांना खरं ते सगळं सांगितलं. आजोबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, एकदा पुन्हा सांगायला लावलं, कारण त्यांना मजा येत होती, आणि मग म्हणाले, "म्हणजे तीन दिवस किल्ली नाही आणि तू लोकांना औषध मारलंय सांगत होतीस. मला वाटलंच. वास नव्हता."

"आजोबा, थट्टा नंतर. एवढंच सांगा, पूर्वी माझी सासू घरी नसेल तर माणूस किल्ली परत कुठे ठेवायचा?"

आजोबांनी टोपी सारखी केली. "नदीपलीकडच्यांना आम्ही सगळं सांगत नाही."

"पन्नास वर्षं झाली!"

"हो ना, अजून थोडं थांबायचं होतंस." ते हसले. बराच वेळ हसत राहिले. इर्मिनाने छत्री जमिनीवर आपटली तेव्हा कुठे थांबले. "मार्त्स्यान्ना बटाटे काढायला शेतावर असायची. दिवसदिवसभर. मग ज्याने किल्ली नेली असेल त्याने ती देवाच्या पाठीमागे ठेवायची. कोपऱ्यावरच्या देवळीत. गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं."

"मग मला कसं माहीत नाही?"

"तू सून म्हणून आलीस, बटाटे काढायला तू जायला लागलीस, म्हातारी घरात बसली. घरात माणूस असल्यावर देवाला कशाला त्रास द्यायचा?"

गल्लीच्या कोपऱ्यावर लिंडेनच्या झाडाखाली ती देवळी आहे. दगडी खांब, वर छोटंसं छप्पर, आत गालाला हात लावून बसलेला, दमलेला लाकडी ख्रिस्त. गेनोव्हेफा रोज त्याच्यासमोरून जायची, आणि या तीन दिवसांत तर रोज त्याच्यासमोर थांबून किल्ली सापडू दे म्हणून सांगत होती. आता ती बादली उलटी घालून वर चढली. इर्मिनाने तिचे पाय धरले. तिने मूर्तीच्या पाठीमागे हात घातला. आधी चिमणीची पिसं निघाली, मग वाळकी पानं, मग किल्ली.

ती बादलीवर तशीच उभी राहिली आणि मूर्तीकडे बघून म्हणाली, "तुला माहीत होतं. आणि मी रोज विचारत होते तर गाल धरून गप्प बसलास!"

"उतर आता," इर्मिना खालून म्हणाली. "माझा खांदा."

*

चर्चमध्ये दाराजवळ उंच मेजावर पाहुण्यांची वही असते. बुधवारचा एकच मजकूर होता, मोठाल्या वाकड्या अक्षरांत, जवळजवळ नाक टेकवून लिहिल्यासारखा.

'एराझम सिकोरा. पोद्गूर्ना चार, १९५७ पर्यंत. आता व्रोत्स्वाफ. छतावरच्या सैतानाची मला लहानपणी इतकी भीती वाटायची की मी डोळे मिटून आत यायचो, डोळे मिटून बाहेर जायचो, आणि म्हणून आईचा मार खायचो. आज फाटकापाशी उभा राहिलो तर भीती तशीच. म्हणून चष्मा व्झोसेकांच्या घरी ठेवून आलो. अर्धा तास बसलो. वर नुसते रंग दिसले. फार सुंदर आहेत.'

दोघींनी एकदम वर बघितलं. सैतान तिथेच होता. खोटं माप देणाऱ्या दारूवालीला एकचाकी गाडीत घालून तो तिला नरकात नेत होता, जीभ बाहेर, एक डोळा खाली बसलेल्यांवर. गेनोव्हेफा पन्नास वर्षं त्याच्याखाली उभी राहून लोकांना खसखस विचारत होती. तिला तो नेहमी थोडा विनोदीच वाटला होता.

"सत्तर वर्षांचा बाप्या," इर्मिना म्हणाली.

"गप गं," गेनोव्हेफा म्हणाली. ती ते पान पुन्हा वाचत होती.

त्याच दिवशी चष्मा लोकरीत गुंडाळून व्रोत्स्वाफला रवाना झाला. इर्मिनाने जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून पत्ता काढला होता. बरोबर पोविद्वाची एक बरणी, आणि चिठ्ठीत राहून गेलेला प्रश्न. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्याने तीनदा घंटा वाजवली होती. कोणी उघडलं नाही, बस सुटत होती, म्हणून किल्ली 'नेहमीच्या जागी' ठेवली. न सापडण्यासारखं त्यात काय होतं, हे त्याला कळलं नव्हतं. घरी दुसरा चष्मा होता, आणि बसच्या पाट्या लोकांनी वाचून दाखवल्या. खाली बारा पदार्थ ओळीने लिहिले होते. अकरा बायकोच्या माहेरचे. बारावा, सुक्या आलुबुखारांबरोबर शिजवलेल्या शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याचा. तो घरात कोणालाच आवडत नाही, म्हणून तो एकटा स्वयंपाकघरात उभ्याने खातो.

"उभ्याने," गेनोव्हेफा म्हणाली. "का उभ्याने?" तिने पुन्हा पत्र लिहिलं. तो व्यवहार अजून चालू आहे.

*

पण सोमवार मध्ये राहिला.

वारसाकचेरीतल्या बाई आल्या. तरुण, टॉर्च घेतलेल्या, पाय न सांगता पुसणाऱ्या. छत बघून झालं. सगळं ठीक होतं. गेनोव्हेफाने गप्प बसायचं होतं, एवढंच. इर्मिनाने तिला दोन दिवस तेच पढवलं होतं. पण एवढी चांगली गोष्ट पोटात ठेवून गप्प बसणं गेनोव्हेफाच्या प्रकृतीला मानवण्यासारखं नव्हतं. बाई वहीत सही करत होत्या तेव्हा तिने त्यांना वरचा बुधवारचा मजकूर दाखवला, आणि मग अक्रोड, आजोबा, बादली, सगळं सांगितलं. इर्मिना भिंतीवरच्या संतांकडे बघत राहिली.

बाई खूप हसल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पण म्हणजे किल्ली एकच आहे?"

गेनोव्हेफाने किल्ली पाठीमागे धरली.

"असं चालणार नाही हो. आग लागली, पाणी शिरलं, तुम्ही आजारी पडलात, तर? हिवाळ्याआधी दुसरी करून घ्या. एक तुमच्याकडे, एक फादरांकडे. तसं झालं तर मी कुलूप बदलायला सांगणार नाही, किल्ली इथेच राहू दे म्हणून लिहीन. नाही झालं तर मग चौकातच."

इतकं सोपं. इर्मिना दर मंगळवारी आठ चाळीसच्या बसने तालुक्याला खांद्याच्या मालिशला जातेच. तिथे बाजारामागे एक म्हातारा कुलूपवाला आहे, हाताने कानस मारून अशा किल्ल्या करतो. एकच अडचण. मूळ किल्ली त्याच्याकडे एक दिवस ठेवावी लागते.

"मंगळवारी नेते," इर्मिना म्हणाली.

"ने."

मंगळवारी सकाळी इर्मिना नऊ नंबरच्या दारात. गेनोव्हेफाने किल्ली खिळ्यावरून काढली, फडक्यात गुंडाळली, आणि म्हणाली, "आज नको. वारा पडलाय, लोक येतील."

पुढच्या मंगळवारी शाळेची सहल येणार होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी लोदेवरून कोणी फोन केला होता, एक आजीबाई नातीला घेऊन येणार होत्या. आजीबाई म्हणजे जेवणाची खात्रीची माहिती. एकदा फडकं इर्मिनाच्या पिशवीपर्यंत पोचलं. ती बसच्या थांब्यावर उभी असताना गेनोव्हेफा चपलांतच पळत आली आणि किल्ली परत घेऊन गेली. इर्मिनाने भर रस्त्यात तिला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हिवाळा आला. वारसाकचेरीतल्या बाईंची बदली झाली, आणि नंतर कोणी विचारायला आलं नाही. फादरांना कौलांच्या खर्चाने घेरलं, आकड्यांचं कुलूप मागे पडलं. पण इर्मिना विसरली नव्हती. कोणीतरी नवं येईल, फाइल उघडेल आणि विचारेल, हे तिला पक्कं माहीत होतं. वर्षातून चारपाचदा ती विचारायची, "गेन्या, किल्ली?" आणि गेनोव्हेफा म्हणायची, "मंगळवारी."

या फेब्रुवारीत गेनोव्हेफा अंगणात बर्फावर घसरली. कमरेचं हाड. डानुता गाडी घेऊन आली. पाय आडवा ठेवून तिला मागच्या सीटवर बसवलं, उशा लावल्या, खिडकीची काच खाली केली. गेनोव्हेफाने कोटाच्या आतून किल्ली काढली आणि खिडकीतून इर्मिनाच्या हातात दिली. किल्ली गरम होती.

"मंगळवारी नेशील ना?"

"हे काय विचारणं झालं? तू नाहीस तर अडवणार कोण?"

मंगळवारी आठ वीसला इर्मिनाने किल्ली फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली, कोट चढवला. दाराशी आली तर बाहेर नऊ नंबरची घंटा कोणीतरी वाजवत होतं. एक नवराबायको, पाठीवर पिशव्या, पोझनानहून रात्रीच्या गाडीने आलेले. इर्मिनाने घड्याळ बघितलं. मग पिशवीतून किल्ली काढली.

आठ चाळीसची बस गेली. त्यानंतर तेवीस मंगळवार झाले. दुसरी किल्ली अजून केलेली नाही.